जंगलात बंदी, समुद्रात नियम

महाराष्ट्रात रानातला साधा ससा मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १३५ मिलिमीटरपेक्षा आखूड पापलेट पकडणे हाही या राज्यात कायदेभंगच. ससा मारणारा तो पिशवीत लपवून, आडवाटेने, अंधार पडल्यावर घरी आणतो. आखूड पापलेट मात्र सकाळी भर बाजारात बर्फावर मांडले जाते, वाट्यावर विकले जाते आणि आपण ते घासाघीस करून घेतो. एकाच राज्याच्या दोन खात्यांनी अमलात आणायचे हे दोन कायदे. एकाची लोकांना धास्ती आहे, दुसऱ्याची बहुतेकांना गंधवार्ताही नाही. वनरक्षक आणि मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी या दोन माणसांच्या हातात प्रत्यक्षात काय असते आणि ते कुठे तोकडे पडतात, हे या निमित्ताने पाहायला हवे.

आधी जंगल. शिकार हा आपल्याकडे फार काळ गुन्हा नव्हता, मान होता. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते हरणांवर सोडले जात आणि दाजीपूरचे रान महाराजांच्या शिकारीसाठी राखलेले होते. कोकणात पारध हा गावकीचा कार्यक्रम असे: कुणी रान उठवायचे, कुणी मोक्याच्या जागी बसायचे आणि मिळालेल्या डुकराचे वाटे ठरलेल्या रीतीने पडायचे. ताडोब्यात १९३५ मध्ये शिकार थांबली आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी परवाना काढून काही प्राणी मारण्याची सोय त्यातही होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. माणसाच्या जिवाला धोका, पिकाचे नुकसान, संशोधन असे मोजके अपवाद सोडले तर त्यानंतर भारतात शिकार बंद झाली ती झालीच.

त्यामुळे वनरक्षकाचे काम एका अर्थाने सोपे झाले. हंगाम कोणता, परवाना कुणाचा, नग किती, हे प्रश्नच उरले नाहीत. रानातला प्राणी सरकारची मालमत्ता. तो कुणाच्या हातात मेलेला सापडला की गुन्हा उभा राहतो. शिकारीची कायद्यातली व्याख्याही ऐसपैस आहे. फास लावणे, हाका घालून जनावर उठवणे, नुसता प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीतच मोडते. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि दंड वाढवले. सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेला. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात शिकार केली तर दंडाचे आकडे याहून मोठे. कागदावर कायदा कडक आहे, यात वाद नाही.

आता हा कायदा ज्याच्या खांद्यावर आहे त्याच्याकडे पाहा. जंगलाचे सर्वांत लहान एकक म्हणजे बीट आणि बीटचा धनी वनरक्षक. त्याच्यावर वनपाल, त्याच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे गावच्या भाषेत रेंजर साहेब. वनरक्षकाने रोज बीट पायी फिरायची, हे मूळ काम. पण त्यालाच वणवा विझवायचा असतो, रोपवन जगवायचे असते, अतिक्रमण हटवायचे असते, बिबट्याने शेळी मारली की पंचनामा करायचा असतो, विहिरीत पडलेले कोल्हे काढायचे असतात आणि पाहुणा अधिकारी आला की विश्रामगृहही बघायचे असते. २०१० पासून व्याघ्र प्रकल्पांत ‘एम-स्ट्राइप्स’ नावाची गस्तीची प्रणाली आली. मोबाइलमधल्या ॲपवर त्याने चाललेली वाट नोंदली जाते, त्यामुळे झाडाखाली बसून नोंदवही भरण्याची जुनी सोय गेली, हे चांगलेच झाले. मेळघाटात दुर्गम जागी संरक्षण कुटी उभ्या आहेत आणि त्यांत माणसे कुटुंबापासून दूर, पाणी आणून, चूल पेटवून राहतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्यात पायी सर्वेक्षण करणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने वरिष्ठाच्या जाचाचा आरोप करत आत्महत्या केली होती. एका वर्षातल्या या दोन घटना जंगलातली नोकरी कुठून कुठून अंगावर येते ते सांगतात. वन खात्यातल्या माणसांविषयी मराठी वाचकाला जे थोडेफार कळले ते मारुती चितमपल्लींमुळे. पण त्यांच्या लेखनातून आपण पक्षी, झाडे आणि गोंडी शब्द उचलले. खात्यातल्या खालच्या माणसाची हलाखी उचलली नाही.

या माणसाला रोज सामोरी येणारी शिकार बंदुकीची क्वचितच असते. सायकलच्या क्लच वायरची फासकी, कणकेत किंवा चरबीत गुंडाळलेला गावठी बॉम्ब, रानवाटेवर पसरलेली वाघूर आणि या सगळ्यांहून वाईट म्हणजे विजेचा प्रवाह सोडलेली तार. अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकायचा, खुंट्या ठोकून तार शेताच्या कडेने फिरवायची, पहाटे काढून घ्यायची. तारेला डुक्कर आणि वाघ यांत फरक कळत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मपुरी वनविभागात नागभीडजवळ ‘श्रीनिवास’ नावाचा रेडिओ कॉलर लावलेला वाघ असाच मेला. तो शेतात पुरलेला सापडला आणि शेतकऱ्याला अटक झाली. देशातल्या गाजलेल्या ‘जय’ या वाघाचा हा बछडा. बाप २०१६ मध्ये बेपत्ता झाला तो आजवर मिळालेला नाही.

अशा प्रकरणात आरोपी कोण असतो? बहुतेकदा ज्याचे धान, चणा, तूर डुकरांनी आणि रोह्यांनी उद्ध्वस्त केली तो. त्याला वाघ मारायचा नव्हता. पण कायदा हेतूपेक्षा परिणाम पाहतो, आणि इथे तसा तो पाहतो ते योग्यच आहे; नाही तर प्रत्येक तार ‘डुकरासाठी’ ठरेल. मात्र सरकारने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणारी रानडुकरे आणि रोही मारायला रेंजरच्या परवानगीची वाट काढली, आणि चोवीस तासांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, अशी तरतूद ठेवली. ही मेख पाहण्यासारखी आहे. परवानगी मिळाली तरी मारायला परवान्याची बंदूक लागते, आणि ती किती शेतकऱ्यांकडे असते? परवानगीचा कागद त्यामुळे घरी राहतो, तार शेतात जाते. वन खात्याने वीज कंपनीबरोबर रात्रीची गस्त, वाहिनीवर अचानक भार वाढला की खबर, असे उपाय काही भागांत केले आहेत. पिकाची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली तर तारा कमी होतील, हे खात्यातले अनुभवी लोकही खासगीत मान्य करतात. पण भरपाईचा पंचनामा करणारा आणि तार पकडणारा माणूस एकच असतो, हे विसरून चालणार नाही. शेतकरी त्याच्याशी भरपाईसाठी भांडलेला असतो. मग तो त्याला शेजारच्या तारेची खबर कशाला देईल?

संघटित शिकार ही वेगळीच गोष्ट. सरिस्कातले वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाले आणि दिल्ली हादरली. २००६ च्या दुरुस्तीतून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले आणि २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो उभा राहिला. महाराष्ट्राला खरी जाग २०१३ मध्ये आली. मध्य प्रदेशातून येणाऱ्या बहेलिया टोळ्यांनी मेळघाटात आणि विदर्भाच्या इतर रानांत वाघ मारल्याचे एकामागून एक बाहेर आले. या टोळ्या बंदूक वापरत नाहीत. लोखंडी सापळा पाणवठ्याच्या वाटेवर पुरतात, पाय अडकलेल्या वाघाला भाल्यांनी, काठ्यांनी मारतात, कातडे आणि हाडे वेगळी करून दुसऱ्या दिवशी मैलोन्‌मैल दूर जातात. त्याआधी वर्षभर, मे २०१२ मध्ये, तेव्हाचे वनमंत्री पतंगराव कदम यांनी जाहीर केले होते की शिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या वन कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही. घोषणेला टाळ्या पडल्या. पण मेळघाटची प्रकरणे उलगडली ती गोळीने उलगडली नाहीत. मोबाइलच्या नोंदी, टॉवरची ठिकाणे, बँकेतले व्यवहार आणि खबऱ्या यांच्या जोरावर ती उलगडली. २०१३ मध्येच मेळघाटात सायबर कक्ष सुरू झाला, आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या वन खात्याने गेल्या पंचवीस वर्षांत केलेल्या कामांत हे सर्वांत शहाणपणाचे होते. पुढे ताडोबा, पेंच, मेळघाट इथे विशेष व्याघ्र संरक्षण दलेही उभी राहिली. तरीही २०२५ च्या जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याजवळ बहेलिया टोळीतला म्होरक्या पकडला गेला आणि राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले. बारा वर्षांनी तीच जमात, तीच पद्धत, तेच रान. म्हणजे टोळी मोडली होती, धंदा मोडला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बहेलिया, पारधी यांच्यावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण पोलीस ठाण्यांतून आणि रेंज ऑफिसांतून नाही. रानात काही घडले की आधी पालावर धाड. फासेपारध्यांतले बहुसंख्य लोक तितर-लाव्यांपलीकडे कधी गेले नाहीत. अकोला-वाशीमच्या माळरानात ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याची आणि गवताळ रानाची राखण सुरू केली. पक्षी कुठे बसतो, अंडी कुठे घालतो हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? जी माहिती फास लावायला उपयोगी पडते तीच राखायला पडते, एवढे साधे गणित खात्याला उशिरा का होईना उमगते आहे.

आरोपी पकडल्यानंतरचा टप्पा सर्वांत कच्चा. वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, ज्याला सगळे ‘पीओआर’ म्हणतात, तो फाडला की तपास सुरू. सहायक वनसंरक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदलेली साक्ष न्यायालयात ग्राह्य धरता येते. पोलिसांना असा अधिकार नाही. पण खटला उभा राहीपर्यंत पंच गावात राहणारे, आरोपीचे भाऊबंद असतात आणि ते फिरतात. जप्त मालाच्या सीलवरचा ठसा पुसट निघतो, नमुना प्रयोगशाळेत कुणी नेला याची नोंद सापडत नाही, तपास करणारा रेंजर तोवर दोन बदल्या होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. वनरक्षकाला झाडांची शास्त्रीय नावे शिकवतात. उलटतपासणीला कसे उभे राहायचे हे शिकवत नाहीत. शिक्षा सात वर्षांची केली काय आणि दहा वर्षांची केली काय, ती होते किती जणांना, हा प्रश्न शिल्लक राहतो.

समुद्रावर आलो की चित्र पालटते. मासेमारीला बंदी नाही, तिला नियम आहेत. आणि नियम राबवणे हे बंदी राबवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम. परवाना कोणत्या जाळ्याचा आहे, जाळ्याची आस, म्हणजे विणीतले भोक, केवढी आहे, नौका किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे, महिना कोणता आहे, मासा केवढा आहे, हे प्रत्येक वेळी तपासल्याशिवाय गुन्हा झाला की नाही हेच ठरत नाही. मेलेला मासा हा पुरावा होत नाही, कारण मासे मरण्यासाठीच पकडले जातात.

राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा अंमल, त्यापुढे केंद्राचा. चाळीस वर्षे या कायद्याखालचे दावे तहसीलदारापुढे चालत. तहसीलदार म्हणजे निवडणुका, दुष्काळ, सातबारा, मोर्चे सांभाळणारा माणूस. त्याच्या टेबलावर पर्ससीनचा दावा किती दिवस पडून राहत असेल याची कल्पना करावी. दंडही असे होते की मोठा बोटमालक ते खर्चात धरून चाले. २०२१ च्या दुरुस्तीने हे दोन्ही बदलले. दावे मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले. विनापरवाना पर्ससीनला एक ते सहा लाख आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीला पाच ते वीस लाख दंड झाला. ही दुरुस्ती चांगली आहे, तिला उशीर झाला एवढेच.

पर्ससीनचे भांडण परक्याला पटकन कळत नाही, म्हणून थोडे सविस्तर. पारंपरिक मच्छीमार रापण, गिलनेट, डोल अशा जाळ्यांनी धरतो. पर्ससीन जाळे माशांच्या थव्याभोवती गोल फिरवून खालून कसे आवळतात, तर बटव्याची दोरी ओढावी तसे. बांगडा-तारलीचा अख्खा थवा एका फेरीत वर. किनाऱ्यालगत हे घडले की रापणकराच्या जाळ्यात पुढचे दिवस काही लागत नाही. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला आणि त्यावरून ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने आदेश काढला. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे आणि ही मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर या काळातच करू द्यायची. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ ला एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर आणि दोन नौकांनी मिळून ओढायच्या जाळ्यांवर बंदी घातली. दिवे लावले की मोठे मासे येतात तसे अंड्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्लेही येतात, एवढे त्यामागचे कारण कोणताही तांडेल सांगेल. तरी हिवाळ्यातल्या रात्री मालवण, देवगड, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून समुद्रात झगझगाट दिसल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात.

तक्रार आली की परवाना अधिकारी काय करतो? खात्याची गस्ती नौका भाड्याची असते. बहुतेक वेळा ती पळणाऱ्या नौकेपेक्षा हळू. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गच्या हद्दीत घुसतात तेव्हा या नौकेने त्यांचा पाठलाग करणे म्हणजे फार्सच. दिवे विझवले, जनरेटर झाकला, जाळे कापून सोडले की जवळ पोहोचेपर्यंत पुरावा पाण्यात. अधिकाऱ्याच्या बरोबर दोन-तीन सुरक्षारक्षक, समोर वीस-पंचवीस खलाशी. बेकायदा नौकेवरच्या खलाशांनी अधिकाऱ्यांना दमदाटी केल्याच्या बातम्या कोकणातल्या वाचकांना नव्या नाहीत. म्हणूनच पारंपरिक मच्छीमारांनी कितीदा तरी स्वतःच पर्ससीन नौका घेरून बंदरात आणल्या. खात्याने करायचे काम गावकऱ्यांनी केले आणि मग गुन्हे गावकऱ्यांवरही दाखल झाले. राज्याने २०२५ च्या जानेवारीत सातही किनारी जिल्ह्यांत ड्रोनने पाळत ठेवायला सुरुवात केली. ड्रोनमुळे जागा, वेळ आणि नौकेचा क्रमांक चित्रात पक्का होतो, पाठलागाची गरज उरत नाही. हा योग्य दिशेने टाकलेला पाय आहे, अर्थात चित्रानंतर दावा वेळेत निकाली निघाला तर.

पावसाळी बंदी मात्र पाळली जाते, आणि ती का पाळली जाते हे पाहण्यासारखे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. खवळलेला दर्या निम्मी राखण करतो, हे खरे. पण कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर न काढण्याची रीत कायद्याच्या आधीची आहे, आणि बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा अशी मागणी सरकारकडे करणाऱ्या संघटना खुद्द मच्छीमारांच्या आहेत. ज्या नियमाची मागणी खालून येते त्याला गस्त कमी लागते.

लहान माशांच्या नियमाचे तसे नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवले: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०, घोळ ७००. त्याच वर्षी पापलेट राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला. राज्य प्राणी शेकरू कुणी बाजारात मांडून विकले तर दंगल होईल. राज्य मासा बोटभर लांबीचा विकला जातो आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. हा नियम समुद्रात राबवताच येत नाही, तो धक्क्यावर राबवावा लागतो. ससून डॉक, मिरकरवाडा, हर्णै अशा जागी पट्टी घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. आणि नेमका तोच नाही. नौका लागायच्या वेळी एकदम लागतात, लिलाव मिनिटांत उरकतो, माल बर्फात जातो, गाडी सुटते. जप्त केलेला मासा ठेवायचा कुठे? तो नासतो, त्याचा लगेच लिलाव करावा लागतो, म्हणजे आखूड पापलेट शेवटी बाजारातच जाते. डोल जाळ्यात लहान पिल्ले आपोआप येतात, त्याला मच्छीमाराने काय करावे, हा सातपाटीसारख्या पापलेटच्या गावांतला प्रश्नही खोटा नाही. आस मोठी ठेवली तर बोंबील आणि कोळंबी निसटते. याचे उत्तर जाळ्याच्या रचनेत आणि महिन्यांच्या निवडीत आहे, दंडाच्या पावतीत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर माणसे पुष्कळ वाढली. मच्छीमारांना ओळखपत्रे आली, नौकांना ठळक क्रमांक आले, उतरण्याच्या जागांवर सागर सुरक्षा रक्षक नेमले गेले. ही माणसे नौकेवर कोण आहे ते पाहतात, नौकेत काय आहे ते पाहत नाहीत. थोडे प्रशिक्षण आणि एक मोजपट्टी दिली तर निम्मे काम तिथेच होईल, असे मला वाटते.

खात्याच्या हातात आणखी एक साधन आहे, ज्याची चर्चा कमी होते: डिझेल. मच्छीमार सोसायट्यांमार्फत मिळणारा कोटा आणि त्यावरच्या कराचा परतावा यावर यांत्रिक नौकेचा हिशोब चालतो. परवाना निलंबित झाला की हे दोन्ही थांबते. वीस लाखांचा दंड अपिलात वर्षानुवर्षे लटकू शकतो. थांबलेला परतावा पुढच्याच महिन्यात झोंबतो. आणि कधीकधी लांबचा ग्राहक सरकारपेक्षा कडक निघतो. जाळ्यात सापडणाऱ्या कासवांना निसटायची वाट ठेवणारे उपकरण भारतीय ट्रॉलरांनी बसवले नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले. हे उपकरण न लावणाऱ्याला २०२१ च्या दुरुस्तीत लाखांचा दंड आला, तो उगाच नव्हे.

दोन्ही कायदे एकमेकांना भिडतात ते मालवणात. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर पाणी सागरी अभयारण्य झाले. गावाला विचारले नव्हते. अभयारण्य म्हणजे वन खाते, वन खाते म्हणजे बंदी, असे समजून मच्छीमारांनी विरोध केला आणि तो आजही पुरता मावळलेला नाही. प्रवाळ खरे, समुद्री गवत खरे. पण ज्यांच्या होड्या रोज तिथून जातात त्यांच्याशिवाय त्यांची राखण करायला गेल्यावर काय होते याचा हा धडा.

त्याच किनाऱ्यावर उलट उदाहरणेही आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ आणि गावकरी यांनी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पूर्वी अंडी काढून विकणारी माणसेच पुढे राखणदार झाली. २०१८ च्या अखेरीपासून कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी आणखी एक योजना चालवली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा २००१ पासून संरक्षित असलेला व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर मोबाइलवरचे चित्रण पाहून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. हजारो रुपयांचे जाळे कापायला मन होत नाही, हे सरकारने आधी मान्य केले, मग भरपाई दिली. अंमलबजावणीचा हा प्रकार स्वस्त आहे आणि त्यात कुणाच्या अंगावर धावून जावे लागत नाही.

गोड्या पाण्याची स्थिती सर्वांत वाईट. स्फोटके आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने बंदी घातली; मूळ कायद्यात त्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. दगडखाणीतून आलेले जिलेटिन आजही डोहात पडते. उजनीच्या जलाशयात मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्याने चालणारी ‘वडाप’ मासेमारी पिल्लांचा फडशा पाडते. भिगवण-करमाळ्याकडचे मच्छीमार स्वतः तिच्याविरुद्ध ओरडतात. पाणी जलसंपदा खात्याचे, मासे मत्स्यव्यवसायाचे, पक्षी वन खात्याचे आणि मारामारी झाली की पोलिसांची, अशी ही वाटणी. वडापवाले ती वाटणी आपल्यापेक्षा चांगली ओळखतात.

अमेरिकेतला गेम वॉर्डन या सगळ्याशी ताडून पाहिला तर एक फरक लगेच दिसतो. तिथे शिकार आणि मासेमारी दोन्ही परवान्याने चालतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो आणि परवान्याचे शुल्क वेगळे. नेमलेला अधिकारी नदीकाठी उभा राहून टोपलीतले मासे मोजतो, परवाना पाहतो, गरज पडली तर जागीच पावती फाडतो. ती व्यवस्था जशीच्या तशी इथे आणावी असे मी म्हणत नाही. शिकार परत सुरू करावी असे तर मुळीच नाही. पण त्या अधिकाऱ्याच्या जवळ जाणारा आपल्याकडचा माणूस जंगलात नाही, धक्क्यावर आहे. वनरक्षकाला आपण गणवेश, वायरलेस, काही ठिकाणी बंदूक आणि निदान थोडी सहानुभूती दिली. परवाना अधिकाऱ्याला भाड्याची नौका दिली.

दंड आणखी वाढवायची गरज दोन्हीकडे नाही. जंगलात तपास आणि खटला सांभाळणारी माणसे हवीत, बदलीनंतरही प्रकरणाशी बांधलेली. बंदरांवर रिकामी पदे भरून लिलावाच्या वेळी हजर राहणारा माणूस हवा. आणि लोकांना हिशोब कळायला हवा. किती गुन्हे नोंदले, किती न्यायालयात टिकले, किती दंड ठोठावला आणि त्यातला किती वसूल झाला, हे वन आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही खात्यांनी दरवर्षी जिल्हावार, मराठीत आणि सहज सापडेल असे प्रसिद्ध करावे. विधिमंडळातल्या किनारी आणि विदर्भातल्या आमदारांनी ही मागणी एकत्र मांडली तर ती पुढच्याच अधिवेशनात मान्य होण्यासारखी आहे.